मुसाफिरीत न लिहिलेलं नाव

नोकरीतल्या बऱ्याचशा घटना आता एकमेकींत मिसळल्या आहेत. कोणती चोरी कोणत्या ठाण्यातली, कोणता आरोपी कोणत्या वर्षीचा, हे मला सांगता येणार नाही. जानेवारीतला तो एक रविवार मात्र तासातासाच्या तपशिलासह आठवतो. आणि गंमत अशी की त्या प्रकरणात गुन्हा घडलाच नव्हता. निदान ज्या बाईला मी गाडीत बसवून ठाण्यात आणलं, तिने तरी केला नव्हता.

मी रायपूरचाच. आमचं घराणं भोसल्यांच्या काळात इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, दारात हिंदी, बाजारात छत्तीसगढी, असा आमचा कारभार. तेव्हा मी शहरापासून तासाभराच्या अंतरावरच्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत चौदा गावं, थोडं जंगल आणि एक मोठा तलाव. हिवाळ्यात शहरातली माणसं तिथे गाड्या भरभरून येत, खात, पीत, पत्रावळी टाकून परत जात.

प्रकरण कळायला आमच्या एका रजिस्टरची ओळख असावी लागते. त्याला मुसाफिरी म्हणतात. बाहेरचा माणूस हद्दीत मुक्काम करणार असेल, तर त्याने ठाण्यात येऊन नाव, गाव, सोबतची माणसं आणि किती दिवस राहणार हे नोंदवायचं. कांबळी विकणारे, जडीबुटीवाले, रस्त्याकडेला पालं ठोकणारे लोहार हे सगळे न चुकता येतात. न आल्यास काय होतं, ते त्यांना आजोबा-पणजोबांपासून माहीत असतं. शिकलेला माणूस कधी येत नाही. पोलीस आपल्याला काय विचारणार, अशा थाटात तो असतो.

एक नोंद केली की त्या माणसाच्या ठाण्याकडून खातरजमा मागवावी लागते. ती आली नाही, तर वर्षाच्या तपासणीत वरून प्रश्न येतात. म्हणून त्या हिवाळ्याच्या सुरुवातीलाच मी आमच्या मुन्शीला, म्हणजे ठाण्याची सगळी रजिस्टरं सांभाळणाऱ्या हवालदाराला, बजावलं होतं, "पिकनिकवालों से रजिस्टर मत भरो. तस्दीक कौन करेगा, मैं?"

मुन्शी "जी सर" म्हणाला. तीस वर्षांच्या नोकरीत तो दुसरं काही म्हणालाच नव्हता.

त्या रविवारी दुपारी बाराच्या सुमारास शहरातून वायरलेसवर संदेश आला. बूढापारा या मोहल्ल्यात राहणारी एक बाई आपल्या दोन लहान मुलांना घेऊन घरातून नाहीशी झाली आहे. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. नवरा बीरगांवकडे कारखान्यांना मजूर पुरवतो. त्याने तक्रारीत लिहिलं होतं की पत्नीची मनःस्थिती ठीक नाही, कोणालाही न सांगता ती मुलांना सुनसान जागी घेऊन गेली आहे आणि ती स्वतःच्या व मुलांच्या जिवाचं बरंवाईट करू शकते. दोघं दीड वर्षापासून वेगळी राहतात, मुलं आईकडे असतात, ताब्याचा दावा कोर्टात चालू आहे, आणि बापाला फक्त रविवारी मुलांना भेटता येतं, हे त्याने लिहिलं नव्हतं. ते आम्हाला संध्याकाळी कळलं.

तासाभराने तलावाकडच्या गावातून कोटवाराचा फोन आला. कोटवार म्हणजे गावची खबर ठाण्याला देणारा माणूस. एक बाई दोन मुलांना घेऊन तंबू ठोकून बसली आहे, सोबत कोणी पुरुष नाही, असं तो घाईघाईने सांगत होता. "साहेब, एक झन माईलोगन हे. दू झन लइका संग तंबू तान के बइठे हे. संग म कोनो मरद नइ हे."

मी विचारलं, "कर क्या रही है?"

"कुछु नइ करत हे साहेब. रोटी सेंकत हे."

त्याच तलावाच्या पलीकडच्या काठावर त्या दिवशी सात-आठ पुरुष उघड्यावर दारू पीत बसले होते. जाताना आम्हाला दिसले. त्यांच्याबद्दल कोटवाराने फोन केला नव्हता. आम्हीही गाडी थांबवली नाही.

मी, दोन आरक्षक, म्हणजे शिपाई, आणि एक महिला आरक्षक असे तिथे पोचलो, तेव्हा दोन वाजले असतील. निळा तंबू, बाहेर सतरंजी, दोरीवर मुलांचे ओले कपडे. ती शेणाच्या गोवऱ्यांवर रोडगे भाजत होती. विदर्भातून आलेल्या आमच्यासारख्या घरांत शेतावर, मोकळ्यावर जेवायचं म्हटलं की रोडगे आणि वांग्याची भाजी. पोरगी राखेतून रोडगे काढून फडक्यावर ठेवत होती आणि धाकटा ते फुंकत होता. मी पोलीस नसतो तर सतरंजीवर जाऊन बसलो असतो.

एका आरक्षकाने बुटाने गोवऱ्या विस्कटल्या. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. अशा वेळी काहीतरी केल्यासारखं दाखवायची पोलिसाला सवय असते. रोडगे मातीत गेले. मुलगा रडायला लागला. ती उठून उभी राहिली आणि मुलांना मागे घेऊन म्हणाली, "क्या हुआ? किसने क्या बोला आपको?"

पंचनामा केला. तंबूत सापडलेल्या वस्तू लिहून घेतल्या. एक चाकू. नायलॉनची दोरी, दोन बंडल. गोळ्यांची एक पट्टी. रॉकेलची लहान बाटली. वाचकहो, चाकू वांगी चिरायला होता, दोरी तंबूची होती, गोळ्या तापाच्या होत्या आणि रॉकेल गोवऱ्या पेटवायला. हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होतं. पण पंचनाम्यात वस्तू लिहितात, ती कशाला होती ते लिहीत नाहीत. कागदावर ती यादी वाचली की अंगावर काटा येतो. कोर्टात तेच झालं.

ठाण्यात तिची चौकशी मी केली. महिला आरक्षक शेजारी होती. मुलांना बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. ती बत्तीस-तेहतीस वर्षांची, एका शाळेत शिकवणारी. माझ्या छातीवरची नावाची पट्टी तिने वाचली आणि तिचे खांदे सैल झाले.

"तुम्ही आपले मराठी दिसता साहेब. मले वाटलं, आता कोणी तं ऐकून घेईल."

मी म्हणालो, "हिंदी में बताइए. बयान हिंदी में लिखा जाता है."

हे खरं होतं. आणि मला तिच्यापासून अंतर ठेवायचं होतं, हेही खरं होतं. आपल्या भाषेत बोलणाऱ्या माणसाला उलटसुलट प्रश्न विचारणं जड जातं.

मी तोच तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारत राहिलो. एकटी का गेलात? भाऊ नाही? शेजारचं कोणी? एकट्या बाईने जंगलात मुक्काम करायचं कारण काय? पहिल्यांदा ती नीट उत्तरं देत होती. शनिवार-रविवारची सुट्टी. आधी जागा बघून ठेवली होती. नवऱ्याशी फोनवर बोलून या रविवारच्या ऐवजी पुढचे दोन रविवार त्याला दिले होते, आणि तो हो म्हणाला होता. नंतर तिचा धीर सुटला आणि हिंदी आपोआप गेली.

"पोट्टी म्हणे, आई, तारे पाहाचे. आमच्या पाऱ्यात दिसतच नाहीत. म्हणून आली. अन् एकटी एकटी काय लावून राहिले तुम्ही? दोघं लेकरं होते न संग!"

मग मेजावर हात ठेवून ती म्हणाली, "अन् मी तं तुमच्या ठाण्यात येऊन सांगून गेली होती. शनिवारी, बारा वाजता. नाव लिहाले आली होती मी."

मी रजिस्टर मागवलं. शनिवारच्या पानावर एका चादरवाल्याची नोंद होती. त्याखाली रेघ.

"यहाँ तो कुछ नहीं है," मी म्हणालो.

"तुमच्या मुन्शीनं लिहिलं नाही. म्हणे, मॅडम, ये आप लोगों के लिए नहीं है. पाणी दिलं पोट्ट्यांना अन् जा म्हणे. माझे बाबा रेल्वेत होते साहेब. ते म्हणत, परक्या गावी उतरलं का पहिले ठाण्यात नाव लिहून येजो, मंग कोणी बोट दाखवत नाही."

मी मुन्शीला आत बोलावलं. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "नहीं सर, ऐसी कोई महिला नहीं आई." तिने त्याच्याकडे इतक्या आश्चर्याने पाहिलं, की तिथेच मला कळायला हवं होतं. खोटं बोलणारा माणूस पकडला गेला की चिडतो. हिला फक्त नवल वाटलं होतं. पण रजिस्टर माझ्या बाजूला होतं आणि रजिस्टरवर विश्वास ठेवणं सोयीचं असतं.

तेवढ्यात महिला आरक्षक बाहेर जाऊन आली. तिच्या हातात एक शाळेची वही होती. "सर, एक बार ये देख लीजिए," एवढंच ती म्हणाली.

वही मुलीची होती. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'हमारा कैंप'. खाली यादी. टॉर्च, बरोबरची खूण. भाईचं स्वेटर, खूण. पापा को फोन, मम्मी ने किया, खूण. थाने में नाम लिखाना, खूण. पुढच्या पानावर चित्र होतं. ठाण्याचा व्हरांडा, कडुनिंब, त्याखाली जप्तीच्या मोटारसायकली. मेजामागे मिशीवाला माणूस, त्याच्यापुढे रजिस्टरांची चळत, आणि त्याच्या उजव्या अंगठ्याला पांढरी पट्टी. पट्टी जरा मोठीच काढली होती. शेजारी लिहिलं होतं, 'अंकल को चोट लगी है.'

मुन्शीचा अंगठा शुक्रवारी संध्याकाळी जीपच्या दारात चेमटला होता. शनिवारी दिवसभर त्याला पट्टी होती. शिक्के मारता येईनात म्हणून रविवारी सकाळीच त्याने ती काढून टाकली होती. ती पट्टी पाहायची तर शनिवारी ठाण्यात येणंच भाग होतं. चौकशीत मी तीन तास घालवले आणि प्रकरणाचा उलगडा नऊ वर्षांच्या मुलीने रंगीत पेन्सिलीने करून ठेवला होता.

मुन्शीला मागच्या खोलीत नेलं. वही त्याच्यापुढे धरली. त्याने चित्र पाहिलं, अंगठा मुठीत लपवला आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, आप ही ने तो कहा था."

मी वही मिटली. मी म्हणालो, "ठीक है, जाओ."

आता मी काय करायला हवं होतं, ते मला तेव्हाही माहीत होतं. रोजनाम्यात, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या डायरीत, दोन ओळी लिहायच्या होत्या. सदर महिला शनिवारी स्वतःहून ठाण्यात आली होती, नोंद घेण्यात आमच्याकडून कसूर झाली. पण मग नोंद का घेतली नाही, हा प्रश्न येणार. मुन्शीवर विभागीय चौकशी. निवृत्तीला त्याची तीन वर्षं उरली होती. तो म्हणणार, साहेबांचा हुकूम होता. त्याच वर्षी पदोन्नतीच्या यादीत माझं नाव होतं. मुन्शीची दया आली असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. खरं तर मला माझी काळजी होती.

मी लिहिलं, मुलं सुखरूप मिळाली, गुन्हा आढळला नाही, मुलांना आईच्या ताब्यात दिलं. इथपर्यंत सगळं खरं. पण अहवालाच्या सुरुवातीला तक्रारीतलंच वाक्य उतरवलं होतं, 'बिना किसी को सूचना दिए, सुनसान स्थान पर'. ते खोडायला पेन उचललं आणि परत ठेवलं. वही मी मेजाच्या खणात टाकली.

संध्याकाळी तिला सोडलं. तिला माझ्या अहवालात काय आहे ते माहीत नव्हतं. जाताना ती हात जोडून म्हणाली, "लेकरं माझ्यापाशी ठेवले तुम्ही, उपकार झाले साहेब." मुलीने विचारलं, "अंकल, मेरी कॉपी?"

"मिल जाएगी बेटा," मी म्हणालो.

त्या वहीसाठी आईने पुढे रीतसर अर्ज केला. कोर्टात तिला ती दाखवायची होती. अर्जावर 'अभिलेख में उपलब्ध नहीं' असं उत्तर माझ्याच सहीने गेलं.

काही महिन्यांनी मला साक्षीचं समन्स आलं. नवऱ्याच्या वकिलाने पंचनामा वाचून दाखवला. चाकू, दोरी, गोळ्या, रॉकेल. प्रत्येक वस्तूनंतर तो जरा थांबत होता. नवरा म्हणाला, फोन आला होता, पण ती कॅम्पबद्दल काही बोललीच नाही. मुलीने आम्ही ठाण्यात गेलो होतो असं सांगितलं, तर आईने पढवून आणलं आहे, असं वकिलाने म्हटलं. मग तिच्या वकिलाने मला सरळ विचारलं, माझी अशील शनिवारी आपल्या ठाण्यात आली होती का?

मी म्हणालो, "रजिस्टर में ऐसी कोई प्रविष्टि नहीं है."

शब्दन् शब्द खरा. पोलिसात अशी खरी वाक्यं बोलायला आपण लवकर शिकतो, कोणी शिकवावं लागत नाही. ती समोरच्या बाकावर बसली होती. तिने मान खाली घातली नाही. मी साक्षीच्या पिंजऱ्यातून उतरून दाराबाहेर जाईपर्यंत ती माझ्याकडे बघत होती.

कोर्टाने समोर आलेल्या कागदांवरून निर्णय दिला. मला तो महिला आरक्षकाकडून कळला. ती माझ्या खोलीत आली, म्हणाली, "सर, बच्चे बाप को मिल गए. माँ को महीने में दो इतवार." आणि सॅल्यूट न करता निघून गेली. नियमाने मी तिला टोकायला हवं होतं. मी टोकलं नाही. त्या वर्षीच्या यादीत मला बढती मिळाली.

निवृत्त होऊन मला आता तीन वर्षं झाली. मुन्शी वारला. प्रत्येक बदलीच्या वेळी ती वही मी खणातून काढून नव्या खणात ठेवत गेलो. ती कधी हरवली नव्हती, कुठे आहे ते मला नेहमी माहीत होतं. फाडून टाकायचं धैर्य झालं नाही आणि परत द्यायचंही नाही. शेवटी मागच्या हिवाळ्यात एका सकाळी ती पिशवीत घालून मी बूढापाऱ्यात गेलो.

गल्लीत विचारत विचारत घर सापडलं. दार तिनेच उघडलं. केस बरेच पिकले होते. तिने मला लगेच ओळखलं.

मी मराठीतच बोललो. "मी तेव्हा त्या ठाण्यात होतो. तुमच्या मुलीची एक वही माझ्याकडे राहिली होती. ती द्यायला आलो."

"आइए," ती म्हणाली. आणि शेवटपर्यंत माझ्याशी हिंदीतच बोलली.

तिने उभ्या उभ्याच वही चाळली. यादीवर तिचं बोट थोडा वेळ थांबलं. चित्राचं पान आलं तेव्हा ती खुर्चीवर बसली. मी विचारलं, "मुलगी काय करते आता?"

"बाहर पढ़ती है. फोन करती है कभी-कभी." पान न उलटता ती म्हणाली, "उसको कुछ याद नहीं है. उधर सब यही बोलते थे कि माँ चोरी से ले गई थी, पुलिस पकड़ के लाई. तो उसको भी अब यही याद है. छोटे को तो वो भी नहीं. एक बार मुझसे पूछी थी, मम्मी, आपने ऐसा क्यों किया था?"

मी म्हणालो, "चूक माझी होती. मी तेव्हाच लिहायला हवं होतं."

"हाँ," ती म्हणाली. तिने मला दिलासा दिला नाही आणि शिव्याही दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, हे कबूल करतो.

मी उठलो, तशी ती म्हणाली, "रुकिए. पावती ले जाइए."

आतून तिने कागद आणला, खाली कार्बन लावला आणि शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात लिहिलं. आजची तारीख, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं, एक शाळेची वही मिळाली, ज्यात मुलीच्या हातची यादी व ठाण्याचं चित्र आहे, आणि जी इतकी वर्षं खाली सही करणाऱ्याकडे होती. सगळं नेमकं. चाळीस वर्षांच्या नोकरीत माझ्या एकाही माणसाने इतकी चोख नोंद केली नसेल. कागद माझ्याकडे सरकवून तिने पेन दिलं. सवयीने माझा हात आधी हुद्दा लिहायला गेला.

"पद रहने दीजिए," ती म्हणाली. "नाम लिखिए."

मी नाव लिहिलं. वरची प्रत तिने ठेवली, कार्बनची मला दिली.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर सांगायला लाज वाटते, इतकं ते साधं आहे. ठाण्यात आलेल्या माणसाचं म्हणणं लिहून घ्यायला दोन मिनिटं लागतात. तेवढं केलं असतं तर त्या बाईची मुलं तिच्याजवळ वाढली असती. नव्या पोरांना मी हे सांगतो तेव्हा ती मान डोलावतात आणि मोबाइल बघतात. मीही त्यांच्या वयात तेच केलं असतं.

असल्या आठवणी लिहिताना कोणाचं नाव द्यायचं नाही असा शिरस्ता आहे. मीही तो पाळला आहे, बाईचं नाव दिलं नाही, नवऱ्याचं नाही, मुन्शीचं नाही आणि माझं स्वतःचंही नाही. त्या पावतीवर मात्र माझं नाव आहे, आणि ती पावती बूढापाऱ्यात तिच्या घरी आहे. मुलगी सुट्टीत आली की तिला ती दाखवणार, असं ती दार लावताना म्हणाली.